फुटबॉलवर बसलेले प्रचारक

१२ मे १९५७, रविवार, सकाळी आठ. पौडच्या आमच्या शाळेत धरणावरील कामगारांच्या दहा तरुण ख्रिस्ती मुलांचा रविवारचा उपासना-वर्ग सुरू झाला. पुण्याहून एकटेच आलेल्या प्रचारकांनी डोळे मिटून दीर्घ प्रार्थना केली. डोळे उघडले, तेव्हा दहाही तरुण फुटबॉल घेऊन मैदानात पोहोचले होते. आजही कोणी टिकले नाही, तर चर्च हा वर्ग बंद करणार होते.

त्यांनी सर्वांना परत आणले आणि स्वतः फुटबॉलवर बसून, एक डोळा उघडा ठेवून, प्रार्थना पुन्हा आरंभली.

“गुरुजी, प्रभूवर माझा पूर्ण विश्वास आहे,” ते मला म्हणाले. “यांच्यावर नाही.”

“आमी कुटं जातोय, साहेब,” एक तरुण म्हणाला. “पर लई लांबवू नका. गोलात उभं ऱ्हायला मानूस न्हाई.”

प्रचारकांनी तिथेच आमेन म्हटले आणि गोलात उभे राहून सात गोल खाल्ले. नंतर दहाही जण घाम पुसत गीताला बसले.

संध्याकाळी मी प्रचारकांना पुढच्या रविवारसाठी वर्गखोलीची किल्ली दिली.