आयतं ताट

तुळजापूरला दर्शनाच्या रांगेत माझ्या पुढं एक बाई होती. तिचं नाव विचारायचं धाडस मला झालं नाही. पदराचं टोक दातात धरून ती सगळ्यांचं बोलणं मान वळवून उघड उघड ऐकायची.

माझ्या मागं अंगाची हळद न उतरलेलं जोडपं होतं. नवरा अमेरिकेत नोकरीला. कॅरिबियन नावाच्या कुठल्या बेटांवर दोघं फिरायला जाणार होती, आणि हॉटेल आजच ठरवायचं म्हणून भांडत होती. त्याला खाणंपिणं धरून असलेलं रिसॉर्ट हवं होतं. तिला नुसती खोली पुरे होती.

बाई गर्रकन वळली. "नुसती खोली? आन् सैपाक कुणी करायचा गं पोरी?"

इथं आपण पुजाऱ्याकडं खोली घेतो, स्टोव्ह पेटवतो, पुरणाचा नैवेद्य करतो. तिकडंही तसंच असणार, असं तिला वाटलं.

नवरी हसली. "स्वयंपाक नाही हो मावशी, बाहेर जेवायचं. मला गाव बघायचंय."

"गाव कुठं पळून चाललंय व्हय? लगीन झाल्यापास्नं म्या माझ्या हातानंच वाढून घेतलंय. आयतं ताट मिळतंय तर बस गप. फुडं ह्यो देणार हाय का?"

नवरीनं नवऱ्याकडं बघितलं. "बोल की."

"चहा येतो मला," तो पुटपुटला. सगळी रांग हसली.

"मग खाण्यापिण्याचंच घे," नवरी म्हणाली.

 संध्याकाळी घरी भाकरी थापता थापता मनातल्या मनात माझंही खाण्यापिण्याचं रिसॉर्ट ठरून गेलं.