तानाबेसानच्या दुकानातली म्हातारी

जपानमध्ये घरी बसून, एकट्यादुकट्याने व्हिडिओ गेम बनवणारी मंडळी वर्षातून एकदा आमच्या टेक्ससमधल्या प्लेनोत जमतात. वीकेंड संपला की ती विमानात बसतात, पण त्यांचे किस्से आमच्याच गॅरेजमध्ये राहतात, फोल्डिंग टेबलांच्या शेजारी. कारण हा मेळा भरवते माझी मुलगी ईरा, आणि टेबलं उचलतो मी. ईरा इथेच जन्मली, कॉलेजात जपानी शिकली. मला गेममधलं ओ की ठो कळत नाही. मी आपला माणसं बघतो.

*

यंदा पहिल्याच सकाळी एकाचा गेम बंद पडला. समोर ही भलीमोठी रांग. गडी उभा राहिला आणि कमरेत वाकून त्याने सगळ्यांची माफी मागितली. रांगेत पुढे एक आडदांड टेक्सन होता. त्याने हॅट काढली आणि तोही वाकला. मग त्याच्या मागचा. बघता बघता अख्खी रांग वाकली! गेम पुन्हा सुरू झाला, तो कुणी पाहिलाच नाही.

*

एका मुलीच्या गेममध्ये कुत्रा होता. आमच्या शेजारची छोटी मीरा तोंड पाडून म्हणाली, "आय कान्ट पेट हिम." ईराने ते जपानीत सांगितलं. गेमवाल्या मुलीने फक्त मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्या कुत्र्याला कुरवाळलं की तो शेपूट हलवत होता. आमच्या ऑफिसात बटणाचा रंग बदलायचा तरी आठवडाभर मीटिंगा चालतात.

*

या गेमवाल्यांचा एक नियम कडक. खेळणारा कितीही अडला तरी आपण तोंड उघडायचं नाही, मागे उभं राहून बघायचं. एका बाईंना दार सापडेना, म्हणून मी कुजबुजलो, "लेफ्टला बघा." गेमवाल्याने हसून माझ्या हातात कॉफी दिली आणि मला हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचवलं. असं प्रत्येक टेबलाशी झालं. दुपारपर्यंत मला कॉफी नकोशी झाली.

*

सगळ्यांत गप्प तानाबेसान. पन्नाशीचे असतील. त्यांच्या गेममध्ये ना मारामारी ना पळापळ. आपलं एक चहाचं दुकान असतं. पहिलीच एक म्हातारी येते, चहा विचारला की "नको" म्हणते. लोक पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचे आणि थोड्या वेळात कंटाळून उठायचे.

ईरा मला हळूच म्हणाली, "बाबा, त्या म्हातारीची स्टोरी हाच खरा गेम आहे. कुणालाच सापडत नाहीये. इथेही नाही सापडली तर तानाबेसान इज डन. गेम सोडून भावाच्या कंपनीत जॉइन होणार."

मला फार वाईट वाटलं. पण सांगायची बंदी.

रविवारी आमच्या सुलभामावशी डबे घेऊन आल्या. जेवणाचं खातं त्यांच्याकडे. गुडघे दुखत होते, म्हणून दिसली ती रिकामी खुर्ची धरली. ती नेमकी तानाबेसानच्या टेबलाची. ईराने बटण दाखवलं. म्हातारी आली. मावशींनी चहा विचारला. म्हातारी नको म्हणाली.

"नको काय? अर्धा कप घ्या." मावशींनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा नको.

"अहो, माझ्यासाठी म्हणून घ्या." पुन्हा बटण.

म्हातारीने कप घेतला आणि बोलायला लागली. ईरा मोडक्या मराठीत सांगत होती, मावशी "हं, मग?" करत होत्या. गोष्ट संपली तेव्हा मावशी पदराने डोळे पुसत होत्या आणि मागे तानाबेसान भिंतीला टेकून उभे होते.

मावशींनी डबा उघडून त्यांच्यापुढे बेसनाचा लाडू धरला. त्यांनी हात हलवून नको म्हटलं. मावशींनी पुन्हा धरला. पुन्हा नको. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि अख्खा तोंडात टाकला.

ईराला राहवेना. तिने जपानीत विचारलंच, "मग, भावाच्या कंपनीत जाणार?"

तोंड लाडवाने भरलेलं. तानाबेसान जोरजोरात नाही नाही अशी मान हलवायला लागले.

"नाही काय?" मावशी म्हणाल्या. "आणखी एक तर घ्याच."