चाळ उजव्या पायात

आमच्या यांचं ठाम मत आहे की कला अंगात असावी लागते, शिकून येत नाही. हे वाडीचे ढोलकीवाले. रत्नागिरीत दिवसभर मोटारी दुरुस्त करतात, पण ओळख ढोलकीवरूनच. त्यामुळे हे मत त्यांनी मांडलं की समोरचा मान डोलावतो. मी सोडून. कारण या मताचं उदाहरण म्हणून नेहमी मलाच पुढे केलं जातं.

खोटं कशाला बोलू, मला ताल नाही. गणपतीत आरतीला टाळ्या वाजवायला लागले की शेजारची बाई हळूच दोन पावलं लांब सरकते. मी एका वकिलांकडे टायपिंग करते, तर हे म्हणतात, तुझं टाईप करणंसुद्धा अडखळत चाललेल्या एसटीसारखं ऐकू येतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी सासरी गेली, पण हा विनोद काही जुना होत नाही.

तरी मला नाचायचं होतं. वाडीच्या पूजेला जे स्टेज घालतात ना, त्या फळ्यांवर मला एकदा तरी नाचायचं होतं. मुंबईत वाढलेली नव्हे मी, इथलीच. लहानपणापासून जाखडी बघत आले. मधे बुवा गायला बसतो, त्याच्याजवळ ढोलकी आणि झांज, आणि भोवती गडी गोल फिरत नाचतात, एकाच पायात चाळ बांधून. त्या घुंगरांचा आवाज आला की माझे पाय मांडवाखाली आपोआप हलायचे. चुकीचे हलायचे, पण हलायचे.

मे महिन्यात वाडीची सत्यनारायणाची पूजा असते. मुंबईकर सगळे येतात, आणि संध्याकाळी आरती झाली की जाखडी. पण नाचायचं गड्यांनी, आणि आम्ही शिऱ्याची पातेली घासायची. यंदा मात्र माझ्या थोरल्या जाऊबाईंनी कमिटीच्या बैठकीत उभं राहून सांगितलं की आम्हा बायकांनाही नाचायचंय. जाऊबाई बोलायला उभ्या राहिल्या की कमिटी बसते. बऱ्याच खाकरण्यानंतर ठरलं की गड्यांच्या आधी अर्धा तास बायकांना द्यावा. नीट झालं तर दरवर्षी, फजिती झाली तर पुन्हा विषय काढायचा नाही. असं स्वच्छ सांगितलं त्यांनी, आणि अध्यक्षांनी वर दात काढले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

जाऊबाई गाणार, हे ढोलकीवर, आणि शिकवणार आमचे थोरले दीर. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. तरुणपणी जाखडीत पहिल्या नंबरला नाचायचे. नाचायला दहाजणी जमल्या, पाच वाडीच्या, पाच मुंबईच्या. मुंबईच्यांची पुढारी माझी धाकटी नणंद, विरारला असते. आता त्या पाचजणींना शिकवायचं कसं? दीर म्हणाले, त्यात काय, मोबाईल आहे. त्यांनी मोबाईल घरापुढच्या खळ्यात तुळशीच्या कट्ट्याला टेकवून ठेवला, आपण स्वतः दिसावं म्हणून पुढचा कॅमेरा लावला आणि सगळा नाच करून पाठवून दिला. वर बोलून सांगितलं की चाळ कुठल्या पायात ते बघून घ्या.

आमच्या पाचजणींची तालीम रोज खळ्यात व्हायची. माझी काय अवस्था होती विचारू नका. सगळ्या उजवीकडे वळल्या की मी डावीकडे, आणि समोरून येणारीवर आदळायची. पहिले दोन-तीन दिवस माफी मागितली, मग कंटाळा आला. मग मी खांदा तिरका करून तिच्या बाजूने निसटायला शिकले, जाताजाता तिच्या हातावर टाळी द्यायची, म्हणजे मुद्दाम केल्यासारखं वाटतं. बायका हसून लोळायच्या. हे ढोलकी थांबवून कपाळाला हात लावायचे.

एका संध्याकाळी घरी येताना हे म्हणाले की वाईट वाटून घेऊ नकोस, पण तू प्रसाद वाटायला राहा, बायकांना पहिल्यांदा संधी मिळालीय, ती वाया जाऊ नये. चांगल्या आवाजात म्हणाले, म्हणून जास्त लागलं. मी रात्री जेवले नाही. भूक होती, पण नाही जेवले. सकाळी जाऊबाईंना सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘तुला काढायची तर गाणारीण पण दुसरी बघायला सांग त्याला.’ विषय संपला. मला आमच्या पाचजणींत अगदी टोकाला ठेवलं, मुंबईकरणींच्या शेजारी, म्हणजे माझी चूक त्यांना लगेच कळायची नाही.

मुंबईकर आले ते पूजेच्या आदल्या दिवशी. एकत्र तालीम करायची ठरली होती, पण आलेल्या पाहुण्यांचं जेवणखाण, दुसऱ्या दिवशी मांडव, प्रसाद, पोरांची रडारड, यात वेळ मिळतोय कुणाला? गाणं तेवढं एकदा बसून म्हटलं. नणंद म्हणाली, वहिनी, आमचं अगदी चोख झालंय, तो व्हिडिओ आम्ही घोटून घोटून पाठ केलाय.

दिवेलागणीनंतर आम्ही स्टेजवर चढलो. सगळ्यांच्या सारख्या मोतिया रंगाच्या साड्या, पायघोळ. पहिल्या रांगेत कमिटी हाताची घडी घालून बसलेली. माझी तर पाचावर धारण बसली होती. जाऊबाईंनी गणपतीचा गण उचलला, काय आवाज लागला होता त्यांचा! पहिली ओळ संपली, यांची ढोलकी कडाडली आणि आम्ही पाऊल टाकलं.

आम्ही पाचजणी उजवीकडे गेलो. मुंबईच्या पाचजणी डावीकडे.

पुढच्या कॅमेऱ्यात सगळं उलटं दिसतं, आरशासारखं. दिरांच्या मोबाईलने ते तसंच उलटं टिपून पाठवलं होतं. त्या बिचाऱ्यांनी चाळ डाव्या पायात बांधली होती आणि अख्खा नाच उलटा पाठ केला होता. लांब साड्यांखाली कुणाला काय दिसणार? हे सगळं नंतर उमगलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की माझी नणंद समोरून धाडधाड माझ्यावर येतेय.

बाकीच्या आठजणी जागच्या जागी थिजल्या. साहजिक होतं. त्यांना कधी चुकायची सवयच नव्हती. अध्यक्ष शेजारच्याच्या कानाला लागले. मला मात्र काही वेगळं वाटलंच नाही हो. माझं तर रोजचंच होतं हे. मी खांदा तिरका केला, नणंदेच्या हातावर टाळी दिली आणि तिच्या आतल्या बाजूने निसटले. पुढे दुसरी मुंबईकरीण उभी होती, तिलाही टाळी, तिच्या बाहेरच्या बाजूने. मग पुन्हा आतून. झावळीचा झाप विणताना पात एकाखालून, एकावरून जाते ना, तशी. नणंद हुशार. तिने लगेच ओळखलं आणि ती आमच्या बायकांमधून तशीच जायला लागली. मग एकेक करत सगळ्याच हलल्या. पाच इकडून, पाच तिकडून, टाळीवर टाळी.

आणि खरं सांगते, माझा पाय तालात पडत होता! प्रत्येक पाऊल ढोलकीच्या थापेवर. असं माझ्या जन्मात कधी झालं नव्हतं. इतका आनंद झाला की मी गाणं संपल्यावरही एक फेरी जास्त मारली, आणि जाऊबाईंना शेवटची ओळ पुन्हा म्हणावी लागली.

टाळ्या थांबेनात. अध्यक्ष स्वतः उठून म्हणाले की अर्धा तास कमी पडला, पुढच्या वर्षी तासभर घ्या. दीर लोकांना सांगत सुटले की ही चाल जुनी आहे, आजोबांच्या वेळची. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर आठवडाभर हवेतच होते. यांना म्हटलं, बघा, कला माझ्या अंगात होती, बाहेर यायला स्टेज लागलं. हे नुसते हसले.

मग लांज्याहून बोलावणं आलं. तिथल्या एका वाडीला पूजेत तोच नाच हवा होता, तोच टाळ्यांचा. मुंबईच्या पाचजणी थांबल्या. खळ्यात तालीम सुरू झाली आणि माझं सगळं पितळ उघडं पडलं. बाकीच्यांना दोन दिवसांत ती चाल बसली. मला, जिने ती काढली तिला, जमेना. यांनी ढोलकी अगदी काटेकोर धरली होती, आणि माझं पाऊल कधी तिच्या आधी, कधी नंतर. तिसऱ्या दिवशी मी मधेच चाळ सोडली आणि घरी येऊन पडवीत बसले. रडूच आलं मला. पूजेला जे झालं ते चुकून झालं, कला नाहीच आपल्यात, हे खरंच म्हणत होते, लांज्याला मी येत नाही, असं सगळं यांच्यापुढे बोलून टाकलं.

हे ढोलकी मांडीवर घेऊन शेजारी बसले. तिची दोरी घट्ट करत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, ‘त्या दिवशी तुझा पाय थापेवर पडत नव्हता. मी तुझ्या पायावर थाप मारत होतो.’

मी म्हटलं, मग आता तालमीत का नाही मारत तसं?

‘मला वाटलं, तुला तालात शिकायचंय.’ ते उठले, माझी चाळ माझ्या पायाशी ठेवली आणि ढोलकी गळ्यात अडकवून खळ्याकडे वळले. पायरीवर थांबून म्हणाले, ‘चल. तू चुक गो, मी येतो मागून.’