रेखाचा खरा फोटो

आज सकाळी आईला घेऊन कंधारला फोटो फ्रेमच्या दुकानात गेले होते. माझी धाकटी बहीण रेखा मागच्या महिन्यात काविळीनं गेली. भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता.

तिच्या मोबाईलमध्ये ढीगभर फोटो होते, पण सगळे फिल्टर लावलेले. रंग उजळलेला, गालावरचा भाजल्याचा डाग गायब. "लोक डागच बघतेत गं ताई," असं ती नेहमी म्हणायची. मी लई समजावलं, पण तिला कधी पटलंच न्हाई.

आई एकेक फोटो बघून म्हणाली, "ही कोण हाय गं? माझी रेखा अशी न्हाई."

शेवटी एका लग्नातला फोटो सापडला. पंगतीत वाढताना कुणीतरी तिच्या नकळत काढलेला. घामेजलेली, तोंडभर हसणारी, डागासकट.

आईनं त्या डागावरून अंगठा फिरवला. तसा फोटो सरकून पुढचा आला. आई घाबरली. "कुठं गेली गं?" म्हणत दुकानातच रडायला लागली.

मैत्रिणींनो, तुम्ही जशा आहात तसा तुमचा एक तरी फोटो मोबाईलमध्ये आहे का? घरच्यांना तोच लागतो गं.