सरक काकाची नव्हती

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. कुणी सरळ विचारलं नाही हे एक कारण. विचारलं असतं तरी मी खोटंच सांगितलं असतं, हे दुसरं. लातूरला क्लासच्या गल्लीत माझं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तिथं खेळून गेलेली मुलं आता चाळिशीकडे झुकली आहेत. एखाद्या लग्नात भेटली की वाकून नमस्कार करतात आणि शेजारी उभ्या बायकोला सांगतात, "ह्ये आमचे काका. गेममधली एक चाल ह्यांनी शोधली होती. काकाची सरक." मी हसतो. इतकी वर्षं मी फक्त हसतो आहे. ती चाल मी शोधली नव्हती.

लातूरजवळच्या मुरुडला आमचं किराणा दुकान होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात दुकानाच्या मागच्या भिंतीला तडा गेला, घरातली माणसं सगळी वाचली. पुढं धाकट्या भावाशी पटेना म्हणून मी लातूरला आलो. तोवर तिथं शिकवण्यांचा बाजार भरला होता. खाली झेरॉक्स, वर क्लास, त्याच्या वर हॉस्टेल आणि मागल्या बोळात मेस, अशी ती गल्ली. मला डाळ-तांदूळ विकण्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि हॉस्टेलवरच्या पोरांना डाळ-तांदूळ नको होते. हैदराबादचा एक पाहुणा जुने टीव्ही आणि गेमची मशीनं आणून द्यायचा. त्याच्या नादानं मी गाळा घेतला आणि टीव्ही मांडून बसलो.

त्या गल्लीत भिंत दिसायची नाही इतके फ्लेक्स. पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, खाली मार्क, शेजारी हात बांधून उभे असलेले सर. एक मुलगी तर तीन क्लासच्या फ्लेक्सवर एकाच फोटोतून हसत होती आणि तिन्हीकडे लिहिलं होतं, 'आमचीच विद्यार्थिनी'. मी आलेल्या पोरांना ते दाखवायचो आणि म्हणायचो, "पोरगी एक, बाप तीन." पोरं खिदळायची. माझा हा विनोद गल्लीत चांगला चालायचा.

सगळ्यात जास्त चालायचा तो एक मारामारीचा गेम. हवेत तरंगणारा चौथरा आणि त्यावर दोघं जण. समोरच्याला मारत मारत चौथऱ्याखाली ढकलायचं. पडता पडता काठ हाताला लागला तर माणूस तिथं लोंबकळतो आणि मग त्याला वर यावं लागतं. खरा खेळ त्या वर येण्यातच असे, कारण वर यायच्या वाटा ठरलेल्या. चढून या, लोळून या, नाहीतर उडी मारून या. वरचा गडी तिन्ही वाटा ओळखून असायचा आणि मारायला टपून उभा राहायचा.

खेळायला पात्रं पुष्कळ होती. त्यात एक पाठीत वाकलेला, काठी टेकत चालणारा म्हातारा होता. पोरं त्याला आजोबा म्हणत. त्याच्या काठीचा तडाखा जबरदस्त, पण पाय जड. त्यामुळं त्याला कुणी घेत नसे.

आजोबाला घेणारा एकच जण होता. तो रिपीटर, म्हणजे मेडिकलच्या सीटसाठी बारावीनंतर पुन्हा वर्ष घालवणारा. भूकंपात त्याचे आई-बाप गेले. तीन वर्षांच्या त्याला भिंतीखालून काढला तेव्हा डावा अंगठा चेंगरला होता, तो पुढं कधी वाकला नाही. मावशीनं त्याला पुनर्वसनाच्या गावात वाढवला. त्याच्याकडं राखीव जागेसाठीचा भूकंपग्रस्ताचा दाखला होता, आणि पोरं त्याला त्यावरून टोचायची. "तुझं काय बाबा, दाखला दाखव अन् सीट घे." टेस्टमध्ये मार्क चांगले पडले तरी हेच, कमी पडले तरी हेच. तो दुपारी मेसमध्ये जेवून, पुढचा तास सुरू व्हायच्या आत येऊन एकटा खेळायचा.

गेमच्या रिमोटवरची डावी स्टिक, म्हणजे ती छोटी दांडी, सगळे अंगठ्यानं हलवतात. त्याला ते जमत नव्हतं. मीठ उचलताना धरतो तशी तो ती दोन बोटांच्या चिमटीत धरायचा आणि मनगटानं फिरवायचा. एका दुपारी त्यानं मला हाक मारली.

"काका, जरा हिकडं बघा."

आजोबा काठाला लोंबकळत होता. त्यानं काठ सोडला, जरासा खाली गेला, आणि एकदम चौथऱ्यावर येऊन गुळगुळीत फरशीवर सरकावं तसा आत सरकला. काठी उगारायला मोकळा.

"काय केलंस रे?"

"काठ सोडायचा, लगेच उडी. उडी पुरी व्हायच्या आत मार चुकवायचं बटन दाबायचं, अन् स्टिक तिरकी खाली. पाय टेकतात पर थांबत न्हाईत, सरकतात. अन् त्याचं अंग बघा, अजून चमकून राहिलंय. चमकतंय तवर कुणी मारलं तरी लागत न्हाई."

"आमच्यासारख्याला जमंल का?"

"अंगठ्यानं उशीर व्हतो काका. अंगठा आडवा जातो, तिरका जात न्हाई. चिमटीनं धरा." मग टीव्हीकडं बघतच तो म्हणाला, "ह्ये माझं हाय. ह्याला दाखला लागत न्हाई."

हे वाक्य मी ऐकलं. नंतर मी जे केलं ते हे वाक्य ऐकून केलं, म्हणून इथं लिहून ठेवतो.

त्यानंच मला शिकवलं. माझा अंगठा सांधेदुखीनं धरलेला असायचा, त्यामुळं चिमटीची पकड मला सोयीची पडली. सकाळी पोरं क्लासला गेली की मी शटर अर्धं ओढून बसायचो. बटन लवकर दाबलं की आजोबा हवेतच गिरकी घेऊन खाली जायचा, उशिरा दाबलं की जागच्या जागी उभा राहायचा आणि मार खायचा. दुपारी येऊन तो हसायचा. "काका, तुम्ही आजोबाला लोटून राहिलात. लोटू नका, सोडा." आणखी बारीकसारीक कितीतरी त्यानं दाखवलं. उडीचं बटन नुसतं टेकवून सोडलं तर अर्धीच उडी बसते. उडीच्या टोकाला स्टिक खाली झटकली तर आजोबा दगडासारखा उतरतो. पुढं एक पाऊल, मागं एक पाऊल असं झुलत राहिलं की समोरच्याला आपला बेत कळत नाही. त्या जड म्हाताऱ्याला असा हलताना पाहून मला फार बरं वाटायचं. मीही तेव्हा पन्नाशी ओलांडली होती, आणि मला नवं काही शिकवायला कुणी बसलं नव्हतं.

एका संध्याकाळी पार्लर भरलेलं असताना मी एका पोराशी खेळलो आणि सरकून काठीचा तडाखा दिला. सगळी पोरं उठून उभी राहिली.

"काका! ह्ये कुठून शिकलात?"

"जमलं बसल्या बसल्या," मी म्हणालो.

तेवढंच म्हणालो. वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी चालीला नाव पडलं होतं, काकाची सरक. बाजूच्या पार्लरची गिऱ्हाइकं माझ्याकडं यायला लागली.

"काका, सांगा की त्यास्नी," तो रिपीटर एकदा हळूच म्हणाला.

"सांगतो की. जरा वेळ बघून सांगतो."

मग फ्लेक्सवाला आला. गल्लीतल्या सगळ्या सरांचे फ्लेक्स तोच छापायचा. "काका, तुमचाबी एक होऊन जाऊ द्या." मी नाही म्हणालो नाही. पांढरा सदरा, कपाळावर विभूती, हात बांधून मी फोटो काढला. वर लिहिलं होतं, 'काकाची सरक, फक्त इथंच शिका'. तीन क्लासना हसणारा मी, माझा फ्लेक्स त्यांच्याच रांगेत लागला आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

दुपारी तो रिपीटर आला. फ्लेक्ससमोर बराच वेळ उभा राहिला. मग आत येऊन म्हणाला, "काका, पोरगी एक अन् बाप..."  मी हसलो, विनोद माझाच होता म्हणून. तो हसला नाही.

पुढं नांदेडच्या एका पार्लरवाल्यानं आमच्याशी सामना लावला. नांदेड आणि लातूरच्या क्लासची चढाओढ सगळ्यांना माहीत आहे, ती आमच्या टीव्हीपर्यंत पोचली होती. एका रविवारी तो आपली पोरं घेऊन आला. आमच्याकडून कुणी बसायचं हे उघड होतं. पण माझ्या घरमालकाच्या पुतण्याला खेळायचं होतं. मी त्या रिपीटर पोराला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "तुझा हात बघून त्यांना दया येईल. मग खेळ मोकळा व्हायचा नाही." मी आयुष्यात पुष्कळ वाईट बोललो असेन, पण इतकं विचार करून वाईट बोललो ते हेच.

"बरं," तो म्हणाला.

पुतण्या अंगठ्यानं खेळत होता. सरकायला जायचा आणि आजोबा खाली पडायचा. नांदेडची पोरं ओरडायला लागली, "लातूरचं म्हातारं बसलं रे!" तेव्हा तो रिपीटर पुतण्याच्या मागं जाऊन वाकला. "चिमटीत धर. काठ सुटला की लगेच. थांबू नको. आत्ता!" आजोबा सरकला. पुन्हा सरकला. शेवटच्या तडाख्यानं नांदेडचा गडी काठाबाहेर गेला आणि पार्लरभर गोंधळ माजला.

नांदेडचा पार्लरवाला माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान, चांगला तोंडाळ माणूस. आल्या आल्या मला म्हणाला होता, "काका, तुम्ही गल्ल्यावर बसा, तुम्हाला यातलं काय कळतं?" आता तो सगळ्यांना गप्प करून म्हणाला, "मानलं बुवा! ह्ये डोकं कुणाचं?"

 तो पोरगा माझ्याकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही मागणं नव्हतं. तो नुसती वाट बघत होता.

"आपलंच," मी म्हणालो. "म्हाताऱ्याचं दुखणं म्हाताऱ्यालाच कळतं."

हशा पिकला, टाळ्या पडल्या. नांदेडवाल्यानं माझे पाय धरले. मुरुडचं दुकान सुटल्यापासून मला कुणी असं मानानं पाहिलं नव्हतं, हे खरं आहे. पण ते कारण झालं, सुटका नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत तोही होता. न वाकणारा अंगठा बाजूला धरून तो टाळ्या वाजवत होता.

सगळे चहाला निघाले. पायरीवर तो चपला घालत होता. मी जवळ गेलो तसा खाली बघतच म्हणाला, "माझा दाखला हाय तेवढा बरा काका. तो तरी माझ्या नावावर हाय."

त्यानंतर तो आला नाही. हॉस्टेल माझ्याच डोक्यावर होतं. जिना चढून जायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी गेलो नाही. पुढं ऐकलं की त्यानं लातूर सोडलं आणि तो नांदेडला गेला. पोरांच्या हातात मोबाइल आले तसं पार्लरही बंद पडलं. तो फ्लेक्स मी घरी आणला आणि गच्चीवरच्या कूलरवर घातला. विभूती लावलेला माझा चेहरा अजून तिथं आहे, उन्हानं पांढरा पडलेला.

मध्ये माझ्या नातवानं मोबाइलवर मला परदेशातले सामने दाखवले. तिथंही हीच चाल. तिला तिकडं वेगळं नाव आहे, आणि आमच्या पार्लरच्या आधीपासून ती चालत आली आहे म्हणे. ते ऐकून एक दुपारभर मला फार हलकं वाटलं. चाल त्याची नव्हती, माझी नव्हती, मग चोरी कसली? संध्याकाळपर्यंत ते टिकलं नाही. त्या पोरानं ती कुठं पाहिली नव्हती. आपल्या मोडक्या अंगठ्याला वाट काढता काढता त्यानं ती स्वतः शोधली होती. आणि मी खोटं बोललो तेव्हा परदेशातलं मला काय ठाऊक होतं?

गेल्या वर्षी भोकरला एका नातलगाकडं गेलो होतो. परत येताना नांदेडला चप्पल घ्यायला दुकानात शिरलो. समोर एक माणूस गुडघ्यावर बसून मुलीच्या सँडलचा पट्टा लावत होता. चेहरा मी ओळखला नसता. त्याच्या डाव्या हाताची चिमटी ओळखली.

त्यानं वर पाहिलं. "काका! ओळखलं का?" उठून माझ्या पाया पडला. इथंच एका शाळेत शिक्षक आहे म्हणाला. मावशी गेली म्हणाला. मग मुलीला पुढं केलं. "पाया पड. तुला आजोबाची सरक सांगतो न्हाई का मी? ती ह्या काकांची."

मुलगी माझ्याकडं टक लावून बघायला लागली. "खरंच? तुम्ही शोधली?"

तो हे मानानं म्हणाला, टोमण्यानं म्हणाला, की इतक्या वर्षांनी त्यालाही तसंच वाटायला लागलं होतं, मला कळलं नाही. मी त्याच्याकडं पाहिलं. तो त्या रविवारी उभा होता तसाच उभा होता, वाट बघत.

"कितवीला आहेस गं?" मी म्हणालो.

"सहावीला."

"छान," मी म्हणालो. "अभ्यास कर."

त्यानं मान हलवली, पिशवी उचलली, "येतो काका" म्हणाला. दोघं दाराबाहेर गेली. मी स्टुलावर एका पायात जुनी आणि एका पायात नवी चप्पल घालून बसलो होतो. ती दिसेनाशी झाल्यावर मी म्हणालो, "नाही गं बाळ, ती तुझ्या बाबांची. मी चोरली. माफ कर बाबा मला."

दुकानदार वळला. "काय म्हणालात काका?"

"काही नाही," मी म्हणालो. "ही जरा घट्ट होते. मोठा नंबर दाखवा."