गणिताच्या मास्तरांची प्रकृती

श्रीशारदेच्या चरणी मस्तक ठेवून, आज दसऱ्याच्या पाटीपूजनाचे दिवशी ज्यांचे प्रकर्षाने स्मरण झाले, त्या माझ्या एका सहकारी शिक्षकांविषयी चार शब्द लिहितो. वेदगंगा आणि दूधगंगा या दोन्ही नद्यांच्या काठी स्वतःच्या प्रकृतीविषयी इतके सत्य बोलणारा पुरुष दुसरा झाला नाही, आणि पुढे होईल असेही वाटत नाही. इंग्रजी अमदानीत निपाणीजवळच्या एका खेड्यातील मराठी शाळेत मी व्याकरण शिकवीत असे आणि ते गणित.

प्रार्थना संपली की हे गृहस्थ खुर्चीत बसत, आणि मुलांचा नायक उभा राहून विचारी, "मास्तर, तब्येत कशी हाय?" मग मास्तर न्यायासनापुढे साक्ष द्यावी तशा गांभीर्याने निवेदन करीत. "आज पित्त आहे. आज उजळणी होईल. भागाकार उद्या." त्यानंतर मुलांनी आपापली हकीकत सांगावयाची, आणि मगच पाट्या उचलावयाच्या. एकदा ते म्हणाले, "आज घरी तंटा झाला आहे. दोष माझा होता. माझ्या हातून कोणावर ओरडणे झाले, तर ते आपल्यासाठी नव्हे असे समजावे." ही वार्ता मुलांनी मधल्या सुटीत गावभर नेली. आपल्या यजमानांनी दोष पत्करल्याचे त्यांच्या कुटुंबास अशा रीतीने प्रथमच कळले, आणि त्या दिवशी मास्तरांच्या घरी पुरणपोळी झाली.

त्यांचा सिद्धांत असा, की शिकविणाऱ्याचे चित्त स्वस्थ नसेल तर विद्या निघतच नाही, आणि ऐकणाऱ्याचे नसेल तर निघालेली विद्या पोहोचत नाही. तंबाखूच्या हंगामात मुले पहाटेपासून रानात राबून शाळेत येत व पेंगत. मास्तर त्यांस घटकाभर निजू देत. मुलांना संकोच वाटू नये म्हणून स्वतःही निजत. अशाच एका मंगल समयी शाळामंडळाचे अध्यक्ष, गावचे पाटील, वर्गात डोकावले. त्यांस एकही जागा मनुष्य आढळला नाही.

"शास्त्रीबुवा, ह्यो मास्तर हाय का अंगाईवाली बाई?" ते मजवर कडाडले. "पोरास्नी मारत न्हाय, वर निजवतोय! सायबाला सांगून ह्याची बदलीच करतो."

मास्तरांचा चेहरा प्रथमच उतरला. "ही मुले फायनलच्या परीक्षेला बसेपर्यंत तरी मला येथे राहू द्यावे," ते मला म्हणाले. "नवा मनुष्य येईल, मुले भितील, आणि आलेले सगळे विसरतील."

शाळा तपासणारे डिपुटीसाहेब यावयाचे होते सकाळी. वाटेत गाडीचा कणा मोडल्याने पोहोचले उन्हे उतरल्यावर, आणि दारातच पाटलांनी आपली तक्रार त्यांच्या कानी घातली. खुर्चीत बसताच त्यांनी त्रैराशिकाचे एक अवघड उदाहरण घातले. नायक आदगोंडा उभा राहिला. हा जैन शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या घरी सूर्यास्तानंतर अन्नास स्पर्श करीत नसत, आणि सर्व जग असेच वागते अशी त्याची निष्पाप समजूत होती.

"सायेब, तब्येत कशी हाय?"

"काय?"

"जेवलासा काय?"

"हा उद्धटपणा कोणी शिकविला?" साहेब गरजले.

"मी शिकविला," मास्तर म्हणाले. "परंतु तो उद्धटपणा नव्हे. खुर्चीत बसणाऱ्याची चौकशी केल्यावाचून हा वर्ग पाटी उचलत नाही."

"उत्तर सांग!"

"येतंय की, सायेब," आदगोंडा काकुळतीने म्हणाला. "पण तुम्ही वराडताय, म्हणून कुठं गेलं ते घावंना झालंय. आधी जेवा. दिस बुडाला तर सकाळपतूर उपाशी ऱ्हावं लागंल तुम्हास्नी!"

"बघा सायेब! मी काय सांगत हुतो?" दारातून पाटील म्हणाले.

साहेबांनी दाराबाहेरच्या उतरत्या उन्हाकडे पाहिले. मग परीक्षार्थ्याने द्यावे तसे हळू आवाजात उत्तर दिले, "सकाळपासून केवळ चहा झाला आहे."

शेजारच्याच घरातून आदगोंडाच्या आईने भाकरी, झुणका आणि ताक पाठविले. साहेब जेवले, पाणी प्याले, आणि तेच उदाहरण पुन्हा निराळ्या आवाजात सांगितले. सर्व वर्गाने ते सोडविले. पुढच्या एका उदाहरणात साहेबांचेच उत्तर चुकले. मुलांनी त्यांची प्रकृती ध्यानी घेऊन ते मनावर घेतले नाही.

साहेब इतके संतुष्ट झाले, की असा शिक्षक खेड्यात ठेवणे हा अन्याय आहे असे म्हणून त्यांनी मास्तरांस बेळगावी, नवे शिक्षक तयार करण्याच्या कामावर, ताबडतोब रुजू होण्याचा हुकूम केला.

"शास्त्रीबुवा," मास्तर मला म्हणाले, "नापास झालो असतो तर बदली होती, उत्तीर्ण झालो तर बढती आहे. मुलांजवळ राहण्याची सोय सरकारदरबारी नाही."

मुलांची उत्तरे ऐकून वरमलेले पाटील डिपुटीसाहेबांच्या मागे नदीपर्यंत जाऊन आले. "तक्रार मागं घेतो म्हनलं, तर सायेब म्हनतोय तक्रार न्हाईच, मागं काय घेतोस?" असे सांगून ते शाळेच्या पायरीवर बसले. निघण्याच्या दिवशी त्यांनी स्वतःची गाडी जुंपली आणि स्वतःच हाकली. मास्तर मात्र पाटलांशेजारी बसले नाहीत. गाडीच्या मागच्या बाजूस पाय सोडून, गावाकडे तोंड करून बसले. मुले मागून चालत होती. पहिल्या वळणावर मास्तरांनी एक उदाहरण तोंडी घातले आणि मुलांनी उत्तर दिले. ते बरोबर आहे, अशी मास्तरांनी मान डोलावली.

वाचकहो, ती जगन्माता आपल्या घरच्या लेकरांस निर्भय बुद्धी देवो, त्यांस शिकविणाऱ्यांच्या पोटी वेळेवर अन्न आणि मनी स्वास्थ्य असो, आणि आपले सर्व कुटुंब सुखात नांदो.