उघड्या डोळ्यांची झोप

झोपेचे आजार तपासणाऱ्या त्या दवाखान्यात पेशंटच्या डोक्याला वायरी चिकटवणाऱ्या माणसाला कॉलेजात सगळे पेंगूळ म्हणायचे. वर्गात बसल्या बसल्या त्याची मान पडायची. हा आजार आहे, हे कळायला पुढे सहा वर्षं गेली. तोवर दोस्तमंडळींनी त्याला झोपेत पेनाने मिशा काढल्या, बुटांच्या नाड्या बाकाला बांधल्या आणि शेवटच्या पेपरच्या सकाळी त्याला खोलीत झोपलेला सोडून सगळे गुपचूप निघून गेले. "मला उठवलं का नाही?" असं त्याने विचारलं, तेव्हा टोळी पोट धरधरून हसली. त्याचं वर्ष बुडालं.

त्या टोळीचा म्होरक्या, ज्याला सगळे हिरो म्हणायचे, आज सकाळी तपासणीला आला. आता तो आगगाडी चालवत होता. लाल सिग्नल ओलांडला म्हणून साहेबांनी पाठवलेला. तपासणी साधी: मंद उजेडात चाळीस मिनिटं जागं बसायचं, असं दिवसातून चार वेळा. जमलं तर इंजिन, नाहीतर घर.

"अरे पेंगळ्या, तू इथे? मग झालंच की काम," हिरो खुर्चीत पसरला. "सांभाळून घे आपल्या माणसाला."

आपला माणूस म्हणे. पेंगूळला किळस आली, पण वायरी त्याने नीट चिकटवल्या.

डोळे उघडे ठेवून झोपणं ही हिरोची कॉलेजातली कला. सर त्याला वर्गातला सगळ्यात एकाग्र मुलगा समजायचे. गड्याने आयुष्यात मिळवलेली विद्या तेवढीच, आणि हा दीडशहाणा ती मागे शेकडो माणसं बसवून वापरत होता. अकराव्या मिनिटाला शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर त्याचे डोळे टक्क उघडे होते. मेंदूच्या रेघा मात्र गाढ झोपल्या होत्या.

पेंगूळने आत जाऊन त्याचा खांदा हलवला.

"झोपलो कुठे? डोळे उघडे होते माझे. कॅमेऱ्यात बघ."

"वायरी मेंदूला विचारतात."

हिरोचा चेहरा उतरला. "लिहू नकोस रे. दोन मुली आहेत मला. मित्र ना आपण?"

पेंगूळने कागदावर अकरा मिनिटं लिहिली.

"असला कसला मित्र तू?" हिरो म्हणाला.

"मी तुला उठवलं तरी," पेंगूळ म्हणाला.